लेक प्रोजेक्टवर आहे

"मुलगी काय करते?" या साध्या प्रश्नाला आमच्या घरात गेल्या दीड वर्षापासून धड उत्तर नाही. शिक्षिका म्हटलं की लोकांना कळतं, बँकेत आहे म्हटलं की कळतं. "प्रोजेक्टवर आहे" म्हटलं की समोरचा जरा थबकतो आणि मग हमखास विचारतो, "पर्मनंट आहे का?"

पर्मनंट नाही. माझ्या थोरल्या लेकीने सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं. जूचंद्रहून रिक्षाने नायगाव, तिथून लोकल, असं करत ती मुंबईतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत जाते. तिथल्या प्राध्यापिका आणि एका इंजिनिअरिंग कॉलेजातले सर, दोघांनी मिळून सरकारकडे अर्ज केला होता. पाण्यात घातक जंतू आहेत की नाहीत, हे लवकर सांगणारी स्वस्त पट्टी तयार करायची. बाईंना जंतू कळतात, सरांना सर्किट. एकट्याने कुणालाच जमणार नाही, म्हणून अनुदान दोघांना मिळून. त्यातून यंत्रं, रसायनं आणि मदतीला एक मुलगी. तीन वर्षांचं काम, पण नेमणुकीचं पत्र दरवर्षी नव्याने. टँकरच्या पाण्यावर दिवस काढलेल्या आम्हा वसईकरांना अशा पट्टीचं मोल वेगळं सांगायला नको.

तरीही तिच्या फुफीने विचारलंच, "सरकार पट्टीसाठी पैसे देतंय, मग पट्टी झाली का?" प्रश्न वाजवी आहे. पैसा आपल्या सर्वांच्या करातला आहे. त्याचं उत्तर द्यायला मी लेकीकडूनच थोडी माहिती घेतली, आणि तिने मला सांगितली ती पवई आणि खारघरची गोष्ट.

रक्ताच्या काही कर्करोगांवर 'कार-टी' नावाचा इलाज आहे. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात असा जनुकीय बदल करायचा की त्यांना कर्करोगाच्या पेशी ओळखता याव्यात, मग त्या वाढवून परत रुग्णाच्या शरीरात सोडायच्या. परदेशात याचा खर्च तीन-चार कोटींच्या घरात. मुंबईच्या आयआयटीत प्रा. राहुल पुरवार यांच्या गटाने या पेशी इथेच तयार करण्याचं काम हाती घेतलं. पण आयआयटीत रुग्ण नसतात. रुग्ण टाटा मेमोरियलमध्ये, आणि टाटाच्या डॉक्टरांकडे पेशी बदलण्याची प्रयोगशाळा नव्हती. दोघे एकत्र आले. ४ जून २०२१ रोजी टाटाच्या खारघर इथल्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात देशातला पहिला कार-टी उपचार झाला. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने सुरुवातीच्या कामाला हातभार लावला होता, आणि माणसांवरच्या चाचण्यांसाठी राष्ट्रीय बायोफार्मा मिशनमधून १९.१५ कोटी रुपये मंजूर केले. ऑक्टोबर २०२३ मध्ये औषधाला बाजारात यायची परवानगी मिळाली. किंमत परदेशातल्या इलाजाच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर आली. आपल्यासारख्या घरांना तेही तीस-चाळीस लाख होतात, म्हणजे अजून आवाक्याबाहेरच. आणि हा इलाज सगळ्याच रुग्णांना लागूही पडत नाही. पण कोटींवरून लाखांवर यायला जी वर्षं लागली, त्या वर्षांत कितीतरी प्रयोगशाळांत माझ्या लेकीसारखी मुलं वर्षावर्षाच्या पत्रावर राबत असतात. त्यांना कुणी विचारलं असतं, "औषध झालं का?" तर उत्तर "नाही" असंच आलं असतं.

फुफी ऐकून गप्प झाली. पटलं म्हणून की चहा थंड होत होता म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

आपल्या जलशांत बगदादच्या बैतुल हिकमाचं नाव मोठ्या अभिमानाने घेतलं जातं. त्या काळातली मला आवडणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. खलिफा मामूनने पृथ्वीचा आकार मोजायला सिंजारच्या मैदानात जाणकारांच्या तुकड्या पाठवल्या. काही तारे पाहून अंश मोजणारे, काही जमिनीवर अंतर मोजणारे. खर्च खजिन्यातून. त्याच शतकात तिथे हुनैन इब्न इसहाक हे ख्रिस्ती आणि साबित इब्न कुर्रा हे साबी विद्वानही काम करत होते. वेगवेगळ्या इल्मची माणसं एका कामावर बसवायची आणि राज्याने खर्च उचलायचा, ही रीत आपल्याला परकी नाही. आपण फक्त नावं लक्षात ठेवली, रीत विसरलो.

आता पैशाचं खरं सांगते. अनुदान एकदम मिळत नाही, हप्त्यांनी येतं. वर्षाचा हिशेब आणि पैसे ठरल्या कामावरच खर्चले असा दाखला दिल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. प्रोजेक्ट दोन कॉलेजांचा असला की दाखलेही दोन, आणि एकाचा कागद अडकला की दुसऱ्याचंही काम थांबतं. गेल्या वर्षी असंच झालं. चार महिने लेकीच्या हातात पगार आला नाही. रोज जायचं मात्र होतंच, कारण जंतूंच्या बशा हप्त्याची वाट पाहत नाहीत. तिकिटाचे पैसे तिचे अब्बा देत, आणि ती ते वहीत लिहून ठेवी, परत करायचे म्हणून. त्या वहीचा मला राग येई.

तेव्हा मनात आलं ते इथे मांडते. आपल्या वस्त्यांत जमातीच्या शिष्यवृत्त्या आहेत. माझ्या पाहण्यातल्या एका फॉर्मवर डॉक्टर, इंजिनिअर, बी.एड. असे रकाने आहेत. संशोधनाचा नाही. या मुलांना दान नको असतं, कारण पगार मंजूर झालेला असतो, फक्त उशिरा येतो. त्यांना हवं असतं चार-सहा महिन्यांचं कर्ज-ए-हसना. हप्ता आला की परत. एवढी सोय एखाद्या मोहल्ल्याने केली, तर किती मुली मधेच प्रयोगशाळा सोडून ट्यूशनकडे वळायच्या थांबतील!

सरकारकडे मागायचंही सोडू नये. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २००९ पासून अल्पसंख्याक समाजातल्या संशोधकांना मिळत होती. २०२२-२३ पासून ती नव्याने देणं बंद झालं. इतर योजनांशी ती सारखी ठरते, असं कारण दिलं गेलं. मला ते पटलेलं नाही, कारण घरातल्या पहिल्याच पदवीधर मुलीला "इतर योजना" कुठे आहेत हेच माहीत नसतं. दुसरीकडे २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान उभं राहिलं आहे. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचा आकडा सांगितला गेला, पण त्यातला सरकारचा वाटा १४,००० कोटींचा. बाकी उद्योग आणि देणगीदारांकडून यायचा आहे. त्यांची एक योजना नावाजलेल्या संस्थांना राज्य विद्यापीठांशी जोडून काम करायला लावणारी आहे. आपली बहुतेक मुलं राज्य विद्यापीठांतच शिकतात, म्हणून तिच्याकडे लक्ष ठेवायला हवं. प्रोजेक्टच्या जागांच्या जाहिराती संस्थांच्या वेबसाइटवर येतात, कधी थेट मुलाखतीच घेतल्या जातात. ओळखीचा माणूस लागत नाही. माझ्या लेकीलाही लागला नाही.

मधे एक रिश्ता आला होता. मुलाच्या अम्मीने पगार विचारला, मुलाने विचारलं, "पट्टीचा रंग बदलतो की आकडा दिसतो?" लेक वीस मिनिटं बोलत होती. बोलणी पुढे सरकलेली नाहीत. मला मात्र तो मुलगा लक्षात राहिला आहे.

सध्या ती पीएच.डी.चं मनावर घेतेय. सीएसआयआर-यूजीसीच्या नेट परीक्षेत जेआरएफ मिळाली, तर महिना ३७,००० रुपये तिच्या स्वतःच्या नावावर येतील, कुठल्याही प्रोजेक्टच्या हप्त्यावर अवलंबून न राहता. फज्रनंतर दोन तास अभ्यास, मग नायगावची रिक्षा. पट्टीवर अजून आकडा स्थिर राहत नाही म्हणते. खाऱ्या पाण्यात फसते, आणि आमच्या गावाभोवती खाडी नि मिठागरं, त्यामुळे नमुने इथूनच नेते. स्वयंपाकघराच्या खिडकीत माझ्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी तिच्या बाटल्या असतात, तारीख लिहिलेल्या. त्यांना हात लावायचा नाही, अशी घरात सर्वांना ताकीद आहे.