तार ओढायची नाही

इलेक्ट्रिक गिटारचा पिकगार्ड, म्हणजे तारांखालचा पातळ पत्रा, स्क्रू काढून उलटा केला, की ते वाद्य आजवर कुणाकुणाच्या हाताखालून गेलंय ते लगेच कळतं. कारखान्यातला सोल्डरचा टाका छोटा आणि चकचकीत. नंतर कुणी घाईत मारलेला टाका फुगलेला, करडा, भोवती काळपट राळ साचलेली. सध्या माझ्या टेबलावर अशीच एक गिटार उघडी पडली आहे. बेळगावजवळच्या सांबऱ्यात राहणारं एक कुटुंब बदली होऊन गेलं, जाताना ती माझ्याकडे देऊन गेलं. इथला विमानतळ ब्रिटिश हवाई दलानं १९४२ साली बांधला. आज तिथं हवाई दलाची प्रशिक्षणशाळा आहे. त्यामुळं देशभरची माणसं येतात-जातात, आणि मागं कधी सायकल राहते, कधी कूलर, कधी गिटार.

हिच्यात तीन पिकअप आहेत. पिकअप म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेली तांब्याची तार, जाडी जेमतेम ०.०६ मिलिमीटर, वेढे सात-आठ हजार. पोलादी तार चुंबकावर थरथरली की या वेढ्यांत अगदी क्षीण वीज उमटते आणि तीच पुढं ॲम्प्लिफायरमधून गरजते. अमेरिकेत जॉर्ज बोशाम्प यांनी १९३१ च्या सुमारास हे जमवलं, १९३७ साली त्यांना पेटंट मिळालं. आपला बेंजोही याच युक्तीवर वाजतो. मूळचा तो जपानचा ताईशोगोतो, गोरो मोरिता यांनी १९१२ साली नागोयात घडवलेला. हिंदुस्थानात येऊन त्याचा बुलबुलतरंग झाला, आणि पिकअप बसल्यावर आमच्या भागातल्या वराती-मिरवणुकांत त्यानं ढोलताशाच्या कल्लोळातही आपला सूर ऐकवला. म्हणून या पट्ट्यात गिटारच्या वायरी सोडवायला शिकायचं, तर बेंजो दुरुस्त करणाऱ्याकडे जावं.

मी शिकलो ते अशाच एका मामांकडे. त्यांचा पहिला धडा एवढाच होता : "वढू नको की रे. तापू दे आधी."

बहुतेक नुकसान ओढण्यानंच होतं. टाका अर्धवट मऊ झालेला असतो, हाताला धीर नसतो, आणि हिसक्यासरशी पॉटचा, म्हणजे आवाज नि टोन कमीजास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागाचा, पाय मुळातून निघतो. कधी हिसका पिकअपपर्यंत पोचतो आणि आतली केसासारखी तार तुटते. मग ती कॉइल पुन्हा गुंडाळण्याशिवाय गत्यंतर नाही.

मामांचा दुसरा धडा ऐकायला उलटा वाटतो. जुना टाका काढायचा तर आधी त्यावर थोडं नवं सोल्डर घालायचं. जुन्या कथलावर गंज धरलेला असतो, सोल्डरिंग आयर्नची उष्णता त्यात नीट उतरत नाही. नव्या सोल्डरच्या पोटातली राळ तो गंज फोडते आणि सगळा गोळा एकदम पाण्यासारखा होतो. कथील-शिशाचं नेहमीचं सोल्डर १८३ अंशांना वितळू लागतं. २००६ पासून युरोपात इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या शिशावर बंदी आली. तेव्हापासून अनेक कारखाने जे बिनशिशाचं सोल्डर वापरतात, त्याला २१७ अंशांच्या पुढं जावं लागतं. एखादा टाका हट्टानं वितळत नसेल तर कारण बहुधा हेच. शिशाचं सोल्डर असो वा नसो, खिडकी उघडी ठेवावी आणि जेवणाआधी हात साबणानं धुवावेत.

खरी परीक्षा पॉटच्या पाठीवर. अर्थिंगच्या साऱ्या वायरी तिथं एका ढिगात डकवलेल्या असतात, आणि पॉटचं पत्र्याचं अंग उष्णता गिळत राहतं. पंचवीस वॅटचा आयर्न टेकवून वाट बघत बसलो तर टाका सुटायच्या आत पॉटमधलं वंगण आणि कार्बनची पट्टी भाजून निघते. इथं साठ वॅटचा आयर्न हवा, आणि हात चटकन मागं यायला हवा. जास्त ताप, पण थोडाच वेळ. हे हातात बसायला पुष्कळ टाके खर्ची पडतात.

जोडायला सगळेच शिकवतात, सोडवायला फार थोडे. सोडवणाऱ्याला आधीच्या माणसाचा विचार वाचावा लागतो. या गिटारच्या टोन पॉटवर कुणीतरी कपॅसिटर बदललाय. टाका ओबडधोबड आहे, पण कपॅसिटरचे उघडे पाय शेजारच्या पत्र्याला चिकटू नयेत म्हणून त्यानं बॉलपेनची रिकामी रिफिल कापून दोन्ही पायांवर चढवली आहे. हाताशी स्लीव्ह नव्हती, म्हणून त्यानं वाट काढली. कपॅसिटर तपासला, ठणठणीत आहे. तो टाका मी काढणार नाही. काम चालू असेल तर केवळ रूप बरं नाही म्हणून दुसऱ्याचं काम उखडू नये, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्याकडे जुनी गिटार किंवा बेंजो असेल तर भंगारात घालू नका, उघडा. आयर्न तापवण्याआधी कोणती वायर कुठून कुठं जाते ते कागदावर काढा. रंगांवर विसंबू नका, स्वस्तातल्या गिटारींत काळी वायर अर्थिंगचीच असेल असं नाही. मोबाइलमधला फोटो मोबाइलबरोबर जातो. म्हणून काम झाल्यावर तो कागद, खाली तारीख घालून, पिकगार्डच्या आत ठेवून द्या. पुढं जो उघडेल त्याला तो लागणार आहे.