पालीचं रिज़्क

आमच्याकडे घरात पाल दिसली की आधी चप्पल शोधली जाते. मुसलमान घरात वाढलेल्यांना याचं कारण सांगायला नको. पहिल्याच फटक्यात पाल मारली तर शंभर नेक्या, दुसऱ्या फटक्यात मेली तर त्याहून कमी, अशी हजरत अबू हुरैरा यांच्याकडून आलेली हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. हजरत इब्राहीम यांना आगीत टाकलं तेव्हा पालीने ती आग फुंकली, हे सहीह बुखारीत आहे. पण त्याच बुखारीत हजरत आयशा यांचं बयानही आहे: रसूलुल्लाह (स.) पालीला उपद्रवी म्हणाले, मात्र तिला मारायचा हुकूम दिलेला मी स्वतः ऐकला नाही. हुकूम दिल्याच्या रिवायतीही तिथेच आहेत, हे मान्य. तरी शंभर नेक्या सगळ्यांना पाठ आणि हजरत आयशांचं म्हणणं कुणाच्या कानावरच नाही, याचं मला नवल वाटतं.

अशा घरात गेल्या मे महिन्यात भाचा काचेची पेटी घेऊन टोकावड्याला राहायला आला. पेटीत पिवळसर, काळ्या ठिपक्यांची, जाड शेपटीची पाल. लेपर्ड गेको. ही भिंतीवर चढत नाही, कारण तिच्या बोटांना आपल्या घरच्या पालीसारख्या चिकटणाऱ्या गाद्या नसतात. तिला पापण्या असतात, त्यामुळे ती चक्क डोळे मिटून झोपते. शेपटीत चरबी साठवते. मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि आपल्या वायव्येकडची कोरड्या मुलखातली. आता जगभर पेट्यांमध्ये तिची पैदास होते.

अम्मी दारातूनच म्हणाली, "जिला मारायचं तिला तुम्ही पोसणार?"

या पालीला तो हुकूम लागू होतो की नाही, हे सांगायचा माझा अधिकार नाही. मस्जिदीतल्या मौलानांना विचारलं. न पाळणं बेहतर, असं त्यांचं मत पडलं. पण पेटी तर घरात आली होती. मला आठवली ती मांजर बांधून ठेवणाऱ्या बाईची हदीस. तिने मांजरीला स्वतः खायला घातलं नाही आणि जमिनीवरचे किडे खायला मोकळंही सोडलं नाही, म्हणून ती अज़ाबाची हकदार झाली. उर्दूच्या तासाला मी हशरात म्हणजे किडेमुंग्या असं शिकवतो. या हदीसमध्ये तेच हशरात बांधलेल्या जिवाचं रिज़्क म्हणून येतात. कोंडलं की पोटाची जबाबदारी आपली.

आणि ही जबाबदारी बरीच किचकट निघाली. ही पाल फळ, पाला, भात काही खात नाही. तिला हलता किडाच लागतो. पिल्लाला रोज, मोठीला आठवड्यातून दोन-तीनदा. किडा केवढा असावा? पालीच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको, नाहीतर घशात अडकतो किंवा पचत नाही. भाच्याने प्लास्टिकच्या डब्यात रातकिडे पाळले होते, वाटीत मिलवर्म. रातकिड्याच्या अंगात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम फार थोडं. नुसते तेच घातले तर पालीची हाडं मऊ पडतात, जबडा रबरासारखा होतो, पाय वाकतात. म्हणून किडे पिशवीत घालून कॅल्शियमची पूड चोळायची. त्याच्याही आदल्या दिवशी किड्यांना गाजर आणि पालेभाजी खाऊ घालायची. उपाशी किडा म्हणजे रिकामं टरफल, असं भाचा म्हणतो. नुकतीच दहावी झालेल्या पोराच्या तोंडून हे ऐकताना मला बी.एड.चा बालमानसशास्त्राचा पेपर आठवला. आधी शिक्षकाने खावं, मग विद्यार्थ्याला मिळेल.

खाऊन उरलेला रातकिडा पेटीत रात्रभर सोडायचा नाही, हा सगळ्यात महत्त्वाचा नियम. भुकेला रातकिडा झोपलेल्या पालीची शेपटी, बोटं कुरतडतो. मिलवर्म गुळगुळीत वाटीत ठेवले की बाहेर सरपटत नाहीत. पेटीला हात लावला की साबणाने हात धुवायचे, कारण पाल धडधाकट दिसली तरी तिच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो. तिची भांडी स्वयंपाकघरात नाहीत. याबाबतीत अम्मीशी माझं पूर्ण एकमत.

गल्लीतली पोरं दुसऱ्याच दिवशी बाटलीभर नाकतोडे घेऊन हजर. फुकटचं खाणं! पण आमच्याकडे भेंडी-काकडीच्या वाफ्यांवर औषध मारतात, पावसाळ्यात भातावर. त्या बांधावरच्या नाकतोड्याच्या पोटात काय असेल, देव जाणे. शिवाय रानातल्या किड्यांबरोबर जंतही येतात. मेअखेरीस माळशेजच्या बाजूला झाडंच्या झाडं काजव्यांनी लुकलुकतात. तेही पोरं ओंजळीत धरून आणतात. अमेरिकेतल्या फोटिनस जातीच्या काजव्याने पाळलेले सरडे मेल्याची नोंद १९९९ साली शास्त्रज्ञांनी छापली आहे. त्याच्या अंगात हृदय बंद पाडणारं विष असतं. आपल्याकडच्या काजव्यांवर हा प्रयोग करून बघायची गरज नाही.

आता किड्याची बाजू. काही पाळणारे रातकिड्याने उड्या मारू नयेत म्हणून त्याचे मागचे पाय तोडून टाकतात. ते मी होऊ दिलं नाही. थंड जागी थोडा वेळ ठेवला तरी तो सुस्तावतो. (फ्रीजबद्दल अम्मीला विचारायची हिंमत कुणी केली नाही. मातीच्या माठाजवळ काम भागलं.) जिवंत प्राण्याला नेमबाजीचं निशाण बनवायला आपल्याकडे मनाई आहे. एका मुंगीच्या चाव्यासाठी अख्खं वारूळ जाळणाऱ्या नबींनाही जाब विचारला गेला. पालीने किडा खाणं तिच्या भुकेचं. पण दहा पोरं मोबाईल रोखून "अजून एक टाक" म्हणतात, तेव्हा तो किडा भुकेसाठी मरत नाही. मी मोबाईल बाहेर ठेवायला लावले. निम्मी गर्दी लगेच पांगली.

एका मुलाने विचारलं, "सर, डोंगरातली पाल आणून पाळू?" नाही. आमच्या डोक्यावरच्या नाणेघाटापलीकडे, जुन्नर तालुक्यातल्या घाटघरच्या कातळावरून वरद गिरी यांनी २००८ मध्ये पालीची एक नवी जात जगाला सांगितली. शतकानुशतकं लोक त्या वाटेने गेले, पण ती वेगळी आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. ती तिथंच बरी. तिचं रिज़्क तिथं आहे, त्याला पूड चोळावी लागत नाही.

जूनच्या पहिल्या पावसाआधी भाचा पेटी घेऊन परत गेला. वाटीत थोडे मिलवर्म राहिले होते. शेजारच्या कोंबड्यांनी ते दोन मिनिटांत संपवले. अम्मी ओट्यावर बसून बघत होती, आणि त्या कोंबड्यांबद्दल मला कुणी काही विचारलं नाही.