एक अर्धं, अर्धापूर

मराठी भाषा गप्प बसणाऱ्या माणसावर फारशी प्रसन्न नाही. बडबड करणाऱ्याला तिने बोलघेवडा, गप्पिष्ट, दिलखुलास अशी लाडाची नावे दिली. आमच्या वाट्याला आले ते घुमा, एकलकोंडा, माणूसघाणा आणि मुखदुर्बळ! ‘अंतर्मुख’ हा शब्द त्यातल्या त्यात सभ्य. पण तो साधुसंतांसाठी राखून ठेवलेला. कार्ल युंग नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२१ साली माणसांचे अंतर्मुख आणि बहिर्मुख असे दोन प्रकार सांगितले, तेव्हा कुठे पुढे आमच्यासारख्या संसारी माणसांनाही तो शब्द लावता येऊ लागला. तरी लग्नकार्यात मी कोपऱ्यातली खुर्ची धरून बसलो, की कुणीतरी विचारतेच, “यांना बरं नाही का हो?” आणि हा प्रश्नदेखील मला नव्हे, माझ्या सौभाग्यवतीला विचारलेला असतो.

त्यात तिचा दोष नाही. आमच्या घरातले बोलण्याचे खाते पहिल्यापासून तिच्याकडे आहे. दूधवाला, सोसायटीचे सेक्रेटरी, व्याही, डॉक्टर, साऱ्यांशी तीच बोलते आणि उत्तम बोलते. मला ताप किती आला हेही डॉक्टरांना तीच सांगते. या सोयीबद्दल मी तिचा ऋणी आहे. पण चाळीस वर्षे दुसऱ्याने आपल्या वतीने बोलावे आणि आपण मान डोलवावी, याचा एक परिणाम होतो. आपला आवाज कसा आहे हे माणूस विसरत जातो.

म्हणून निवृत्त झाल्यापासून मी वर्षातून तीन-चार दिवस एकटाच प्रवासाला जातो. पहिल्या वर्षी माझ्या मेव्हण्याने दबक्या आवाजात फोन केला, “ताई, घरात काही बिनसलंय का?” शेजारच्या आजींनी त्या चार दिवसांत सौ.ला तीनदा जेवायला बोलावले. एकट्याने देवाला जाणे लोक समजू शकतात, कामाला जाणे समजू शकतात. पण धडधाकट बायकोमुले असलेल्या गृहस्थाने उगीच एकट्याने गाव पाहायला जावे, हे कुणाच्या पचनी पडत नाही.

एका गावात तर मला लॉजवर खोलीच मिळाली नाही. “एकट्याला देत नाही,” गल्ल्यावरचा माणूस म्हणाला. कारण विचारले, तर जरा ओशाळून सांगू लागला, “राग मानू नका काका. एकटा माणूस मनात काय घेऊन आलाय, सांगता येत नाही. मागं आम्हाला एकदा फार त्रास झाला.” मला त्याचा राग आला नाही. मात्र ती रात्र एस.टी. स्टँडच्या बाकावर काढताना वाटून गेले, की आपल्या समाजात एकट्या माणसाची दोनच कारणे ठरलेली आहेत: एक वैराग्य आणि दुसरे दुःख. तिसरे कारण असू शकते, हे कुणाला सुचतच नाही.

ते तिसरे कारण मला गेल्या वर्षी श्रावणात नांदेडकडे नीट उमगले.

ठाण्याला रात्री देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसले, की दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेड येते. नांदेड हे एकट्याने जाण्यासारखे गाव आहे, कारण त्याला परगावच्या माणसाची सवय आहे. गुरू गोविंदसिंह लांबून येथे आले आणि १७०८ साली गोदावरीच्या या परिसरातच त्यांनी देह ठेवला. महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात तेथे गुरुद्वारा बांधवला. उलट, जवळच्या नरसीचे म्हणून मानले जाणारे नामदेव इथून पंजाबात गेले आणि त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहेबात जाऊन बसली. ज्या मुलखातून असा माणूस गेला आणि ज्या मुलखात असा माणूस आला, तेथे माझ्यासारख्या किरकोळ प्रवाशाकडे कोण निरखून पाहणार?

एकट्या प्रवाशाची खरी कसोटी जेवणाच्या वेळी असते. दिवस कसाही जातो, पण हॉटेलात चार खुर्च्यांच्या टेबलाशी एकट्याने बसायचे, उरलेल्या तीन खुर्च्यांकडे बघायचे आणि वेटरने “अजून कोणी यायचंय का?” म्हणून विचारायचे, हे फार अवघड. लंगरमध्ये टेबल नाही आणि रिकामी खुर्चीही नाही. डोक्याला रुमाल बांधून पंगतीत बसलो. एका बाजूला पंजाबातले कुटुंब, दुसऱ्या बाजूला हमालासारखा दिसणारा एक माणूस. वाढणारा पुढे आला, तसे सगळ्यांचे पाहून मीही दोन्ही हात पुढे केले. पोळी ओंजळीत पडली. कुठले, कोण, कशाला आलात, बरोबर कोण, काही नाही. जेवण झाल्यावर ताटे घासणाऱ्यांच्या रांगेत मीही जाऊन उभा राहिलो. तासभर मी पुष्कळ माणसांत होतो आणि एक अक्षर बोललो नव्हतो, तरी कुणी माझ्या प्रकृतीची चौकशी केली नाही! गप्प माणसाला माणसे नको असतात, हा एक गैरसमज आहे. त्याला ती होमिओपॅथीच्या गोळ्यांसारखी बेताने हवी असतात, एवढेच.

दुसऱ्या दिवशी अर्धापूरला निघालो. नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नांदेडहून फार लांब नाही. पासष्टी उलटल्यामुळे एस.टी.त मला अर्धे तिकीट. कंडक्टरने विचारले, “कुठं मामा?” मी म्हणालो, “एक अर्धं, अर्धापूर.” तो हसला. “अर्ध्या तिकिटात पुरं गाव दाखवतो, बसा. एकलेच का?” मी “हो” म्हटले आणि नवल म्हणजे त्याने पुढे काही विचारले नाही.

अर्धापूर म्हणजे केळी. रस्त्याच्या कडेने बागाच बागा. एका बागेत काढणी चालली होती. मी बांधावर उभा राहून पाहू लागलो. मालकाने पाहिले आणि हाक मारली, “तिथून काय दिसतंय? या की आत.” घरच्या मंडळींसह असतो, तर सौ. पुढे झाली असती, तिने भाव विचारला असता, त्याच्या मुलाबाळांची चौकशी केली असती, आणि मी मागे पिशव्या सांभाळत उभा राहिलो असतो. येथे पुढे होणारे कुणी नव्हते. मी आत गेलो आणि विचारू लागलो.

पावसाच्या तोंडाला लावतात ती मृगबाग. पावसाळा सरताना लावतात ती कांदेबाग. पाणी विहिरीचे आणि ईसापूर धरणाच्या कालव्याचे. एका झाडाला आयुष्यात एकदाच घड येतो. तो उतरवला की झाडाचे काम संपले. पण त्याच्या बुडाशी एक पील राखलेले असते, पुढचे पीक त्याचे. घड हिरवाच उतरवायचा, पिकणे नंतरचे. श्रावणात उपासांमुळे मागणी चांगली. माझी बाही एका कापलेल्या दांड्याला लागली, तेव्हा तो हळहळला, “गेला तुमचा सदरा! केळीचा चीक धुऊन जात नाही बघा.” परतताना माझ्या ध्यानात आले, की अर्ध्या तासात मी त्या गृहस्थाला निदान दहा-बारा प्रश्न विचारले होते. माझा आवाज बरा होता. थोडा घोगरा, पण बरा.

माझ्यापुरते तिसरे कारण हेच. आम्ही माणसांपासून पळायला एकटे जात नाही. आपल्या वतीने बोलणाऱ्या माणसांपासून चार दिवस दूर जातो, आणि मग आपोआप बोलतो.

गावात केशवराजाचे देऊळ आहे. विष्णूच्या मूर्तीसमोर उभे राहिल्यावर मला मुंजीनंतर शिकलेली संध्या आठवली. तिच्यातली चोवीस नावे केशवापासून सुरू होतात. ही चोवीस रूपे एकमेकांपासून वेगळी ओळखायची कशी? तर हातांवरून. शंख, चक्र, गदा, पद्म या वस्तू त्याच. कोणती कोणत्या हातात, एवढाच फरक. चार वस्तू चार हातांत चोवीस तऱ्हांनीच धरता येतात, म्हणून नावे चोवीस. मला मोठी गंमत वाटली. सौ.जवळ जे आहे, ते सगळे माझ्याजवळही असावे: बोलणे, गप्प राहणे, माया, भीती. हात तेवढे बदललेले. देवाच्या बाबतीत याला कुणी दोष म्हणत नाही!

हे सारे तत्त्वज्ञान मी घरी येऊन मोठ्या उत्साहाने सांगितले आणि फसलो. माझी धाकटी मुलगी माझ्यावर गेली आहे. सव्वीस वर्षांची, नोकरी करणारी आणि अबोल. तिने ते सगळे ऐकून घेतले आणि फेब्रुवारीत म्हणाली, “मी जाऊन येऊ? एकटी.”

घर स्तब्ध झाले. मी आनंदीबाई जोश्यांचे नाव काढले: १८८३ साली कलकत्त्याहून त्या अमेरिकेला निघाल्या, तेव्हा वय अठरा आणि नवरा बरोबर नव्हता. सौ. म्हणाली, “आणि त्यांच्या आईला कुणी विचारलं होतं का?” याला उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर भीती मलाही वाटत होती. एकटा पुरुष दिसला, तर लोकांना फार तर त्याची कीव येते. एकटी बाई दिसली, की चौकशी सुरू होते, आणि ती चौकशी कुठे थांबेल याचा भरवसा नसतो. बाकावर रात्र काढण्याची माझी चैन तिला परवडणारी नव्हती.

तिने गाडीचे आरक्षण केले, उतरण्याची जागा आधी ठरवली, पत्ता आईच्या हाती दिला, सकाळ-संध्याकाळ फोन करण्याचे कबूल केले. मी म्हटले, “त्या लॉजवाल्याशी मी एकदा बोलून घेतो.” फोन हातात घेतलाही होता.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्हीच बोललात, तर मग मी जाते कशाला?”

मी फोन खाली ठेवला. इतक्या वर्षांत मी न केलेल्या फोनांपैकी हा सर्वांत जड होता.

ती चौथ्या दिवशी सकाळी परतली. आईने तासभर उलटतपासणी घेतली आणि हाती फारसे काही लागले नाही. एस.टी.त बायकांना २०२३ पासून अर्धे तिकीट असते, त्याला वयाची अट नाही, एवढे मात्र तिने मला मुद्दाम ऐकवले. मग मी विचारले, “कसं झालं?”

“बरं होतं,” ती म्हणाली.

तिची आई निराश झाली. मला मात्र सगळा प्रवास कळला.