पहिल्या चिकाचा वाटा

श्रावण सरत आला होता. सायखेड्याच्या पुलाखालून गोदावरी गढूळ पाण्याने दुथडी भरून वाहत होती आणि पलीकडचा चांदोरीचा काठ पावसात अंधुक दिसत होता. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली नात त्या सकाळी न्हाणीघरातून बाहेर आली ती रडवेल्या चेहऱ्यानेच. सातवा महिना संपत आला होता. दोन-तीन दिवसांपासून तिच्या कुडत्यावर पिवळसर, चिकट डाग पडत होते आणि तिने ते कोणालाच सांगितले नव्हते.

‘‘आजी, बाळ यायच्या आधीच सगळं वाहून गेलं, तर त्याला काय उरेल?’’

आजींनी चार मुले वाढवली होती. परंतु या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. त्या काळी असे काही कोणी बोलत नसे. त्यांनी नातीला जवळ बसवले आणि गावातल्या आशाताईंना निरोप धाडला.

आशाताई दुपारी आल्या. त्यांनी डाग पाहिले आणि हसून म्हणाल्या, ‘‘ताई, हा चीक आहे. घाबरायचं काही कारण नाही.’’ मग त्यांनी सारे नीट उलगडून सांगितले. गरोदरपणाच्या साधारण सोळाव्या आठवड्यापासून स्तनांत चीक तयार होऊ लागतो. कोणाचा तो थेंब थेंब बाहेर येतो, तर कोणाचा प्रसूतीपर्यंत मुळीच येत नाही. या दोन्ही गोष्टी स्वाभाविक आहेत. आधी चीक आला म्हणून पुढे दूध कमी पडत नाही आणि आला नाही म्हणून दूध येणार नाही, असेही नाही. तो संपत नाही, शरीर नवा तयार करीतच राहते. वार पडल्यानंतर शरीरातील संप्रेरके बदलतात आणि दोन ते चार दिवसांत भरपूर दूध उतरते. तोपर्यंत बाळाला हा चीकच पुरतो, कारण पहिल्या दिवशी त्याच्या इवल्याशा पोटात एका वेळी चमचाभरच मावते.

काळजी कशाची घ्यायची, तेही त्यांनी सांगितले. सुती कापडाची स्वच्छ घडी आत ठेवावी व ओली होताच बदलावी. स्तनाग्रांना साबण चोळू नये. चीक मुद्दाम पिळून काढू नये, कारण त्या उत्तेजनाने गर्भाशय आकुंचन पावू शकते. स्रावात रक्त दिसले, गाठ लागली, किंवा पोटात कळा येऊ लागल्या, तर वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह असलेल्या काही मातांना डॉक्टर शेवटच्या आठवड्यांत चीक काढून साठवायला सांगतात. परंतु ते केवळ त्यांच्या सल्ल्यानेच करावे.

‘‘आणि आजी,’’ उठता उठता आशाताई म्हणाल्या, ‘‘जन्मल्यावर तासाभरात बाळाला छातीशी लावायचं. आधी मध नाही, गूळपाणी नाही, घुटी नाही. सहा महिने फक्त आईचं दूध. वरचं पाणीसुद्धा नाही. चिकात रोगांशी लढणारी द्रव्यं असतात. बाळाची ती पहिली लसच समजा.’’

आजींनी मान डोलावली. परंतु त्यांचा चेहरा उतरला होता.

सायंकाळी अंधार पडण्यापूर्वी जेवणे उरकली आणि दोघी ओसरीवर बसल्या. आजी बऱ्याच वेळाने बोलल्या. ‘‘आपल्याकडे गाय व्याली की खरवस करीत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. शेजारून आला तरी मी परत पाठवते. का, तर तो वासराचा वाटा. हे मला माझ्या सासूबाईंनी शिकवलं. आणि त्याच सासूबाईंनी तुझ्या वडिलांच्या वेळी माझा चीक तीन दिवस पिळून मोरीत टाकायला लावला. म्हणाल्या, पिवळं दूध जड असतं, बाळाला बाधतं. मध आपल्याला वर्ज्य, म्हणून बाळाला कापसाच्या बोळ्यानं गूळपाणी दिलं. ते रात्रभर रडायचं, माझी छाती दगडासारखी व्हायची. वासराचा वाटा सांभाळला, गं. पोटच्या पोराचा टाकून दिला.’’

नात काहीच बोलली नाही. तिने आजींचा हात धरून ठेवला.

या चुकीत आजी एकट्या नव्हत्या. पिवळा चीक ‘वाईट’ म्हणून टाकण्याची प्रथा देशाच्या अनेक भागांत होती आणि ती पुरती सरलेली नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू झालेली बालके देशात 41.8 टक्केच होती. याच महाराष्ट्रात, मुंबईच्या शीव रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली; आईचे दूध न मिळणाऱ्या नवजातांसाठी तेथे इतर मातांचे दूध जतन केले जाते. एकीकडे थेंब थेंब जपला जात असताना दुसरीकडे तोच मोरीत जात होता.

पर्युषणात आजी नातीला घेऊन स्थानकात गेल्या. भगवती सूत्राच्या नवव्या शतकातील देवानंदेचा प्रसंग त्यांनी तिला वाटेत सांगितला. भगवान महावीरांचे दर्शन होताच देवानंदा ब्राह्मणीच्या स्तनांतून दूध वाहू लागले. गौतमस्वामींनी कारण विचारले, तेव्हा भगवंतांनी सांगितले, की ही माझी माता आहे. प्रथम ते तिच्याच गर्भात होते. ‘‘भर सभेत भगवंतांना त्याची लाज वाटली नाही,’’ आजी म्हणाल्या, ‘‘मग तू कुडता लपवून का धुतेस?’’

संवत्सरीच्या सायंकाळी प्रतिक्रमण झाले. नातीचे वडील नेहमीप्रमाणे आईच्या पाया पडायला वाकले. त्याआधीच आजींनी हात जोडले. ‘‘तुझा पहिला घास मी टाकला होता, बाळा. मिच्छामि दुक्कडम्.’’ पन्नाशी उलटलेला तो गृहस्थ गोंधळला. काही वेळाने त्याला उलगडा झाला, तेव्हा तो आईच्या पायाशी बसला आणि म्हणाला, ‘‘तुला कोणी सांगितलंच नव्हतं, आई.’’

दिवाळीनंतर नाशिकच्या रुग्णालयात नातीला मुलगी झाली. परिचारिकेने पुसून कोरडे केलेले बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवले. बाळाने थोडी चाचपड केली, दोनदा तोंड सुटले, तिसऱ्यांदा ते घट्ट लागले. खोलीबाहेर एका नातेवाईक बाईंनी मधाच्या बाटलीचा विषय काढला. आजींनी त्यांना हाताने थांबवले आणि दार थोडे लोटून घेतले.

‘‘आत जाऊ नका,’’ त्या म्हणाल्या, ‘‘बाळ जेवतंय.’’