हात धरणारे

हान कांगची 'द व्हेजिटेरियन' मी इंग्रजीतून वाचली. सूतगिरणीतली रातपाळी उरकून, डिक्शनरी मांडीवर घेऊन. महिना गेला. मूळ कोरियन पुस्तक २००७ चं, इंग्रजी २०१५ चं. २०२४ साली बाईला नोबेल मिळालं, पण मी वाचली ती नाव बघून. म्हटलं, शाकाहारी? म्हणजे तो आडनाव विचारून, डब्यात काय असतं ते विचारून मला खोली नाकारणारा घरमालक!

निघालं भलतंच. तिथं सगळेच मांस खातात. योंग-हे साधी बाई. साधी आहे म्हणूनच नवऱ्यानं केलेली. तिला रक्तामांसाची स्वप्नं पडतात. ती फ्रीजमधलं सगळं मटण फेकून देते आणि म्हणते, मी खाणार नाही. बस्स, एवढंच. नवऱ्याला साहेबाच्या पंक्तीत लाज वाटते, तो सासरी फोन लावतो. सगळं खानदान गोळा होतं. बाप व्हिएतनामात लढून आलेला. तो थोबाडीत मारतो, डुकराचं मटण तिच्या तोंडात कोंबतो. पण तिचे दंड कोण धरतं? भाऊ. बापानं सांगितलं, धरा. त्यानं धरले. मग ती सुरी घेऊन स्वतःचंच मनगट कापते.

आपल्यातला एखादा म्हणेल, मटण आपलं, ही बाई आपली कशी? १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये बाबासाहेबांनी गोमांस आणि अस्पृश्यता यांचा सांधा दाखवला. २०१५ सालीच, म्हणजे हे पुस्तक इंग्रजीत आलं त्याच वर्षी, महाराष्ट्रात बैलाच्या मांसावरही बंदी आली. हे सगळं मला ठाऊक आहे. तरी म्हणतो, ज्यानं आपल्या ताटातला घास काढला आणि ज्यानं तिच्या तोंडात घास कोंबला, ते दोघं सख्खे भाऊ.

अजून एक. कादंबरीचे भाग तीन. पहिल्यात नवरा बोलतो, दुसरा मेव्हण्याच्या नजरेतून, तिसरा बहिणीच्या. योंग-हेची स्वतःची वाक्यं जवळजवळ स्वप्नातलीच. आमच्या वस्तीत एक पोरगी सासरचा मार खाऊन परत आली तेव्हा बैठक बसली. बाबासाहेबांच्या फोटोखाली. जातीचं कुंपण बाईच्या पायात कसं घातलं, हे १९१६ सालच्या निबंधात मांडणाऱ्या माणसाच्या फोटोखाली! चुलता बोलला, मामा बोलला, कार्यकर्ते तर फारच बोलले. पोरगी आत भांडी घासत होती. मी उठून म्हटलं, तिला बाहेर बोलवा. तर म्हणाले, तू कवी माणूस, बस खाली.

मला जास्त छळते ती थोरली बहीण, इन-हे. दुकान चालवते, पोर वाढवते, दवाखान्याचं बिल भरते. सगळ्यांच्या मनासारखं वागली, आणि एक दिवस तिला कळतं की आपण जगलोच नाही, नुसतं सोसलं.

ही गोष्ट मी आईला सांगितली. ती भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "नवरा?"

"फारकत घेतली."

"अन् बाप?"

"बघायलासुद्धा येत नाही."

"मग आता तरी सुटली का बाई?"

म्हटलं, "नाही. दवाखान्यात आहे. तिनं खाणंच सोडलं. तिथं हातपाय धरून नाकातनं नळी घालतात."

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. करपली होती.