जाडं तेल, पातळ तेल

आमच्या खान्देशात ऑइलची पारख बोटांनी होते. मिस्त्री डिपस्टिक काढतो, टोकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळतो आणि निकाल देऊन मोकळा होतो, "पातळ झालंय, बदला." धुळ्यात पारोळा रोडवरच्या ज्या गॅरेजात मी वर्षानुवर्षं स्प्लेंडर नेतो, तिथले आप्पा तर नवं ऑइलही असंच चोळून बघतात. कंपनीने सांगितलेला १०डब्ल्यू-३० चा डबा पुढे केला की त्यांचं उत्तर ठरलेलं, "भाऊ, उन्हायामा जाडंच तेल लागस इंजिनले."

आप्पांचं म्हणणं अगदीच वावगं नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि हवेवर थंड होणारं इंजिन गर्दीत तापतंच. पण डब्यावरचा दुसरा आकडा, म्हणजे तीस किंवा चाळीस, तेल शंभर अंशांना किती घट्ट राहतं ते सांगतो. बाहेर पंचवीस असो की पंचेचाळीस, चालत्या इंजिनातलं तेल त्याच्या कितीतरी वर असतं. पहिला आकडा गारठ्याचा. डब्ल्यू म्हणजे विंटर. आणि गारठा आमच्याकडेही पडतो. डिसेंबर-जानेवारीत धुळं पाच-सहा अंशांपर्यंत उतरतं. अशा पहाटे किक मारल्यावर जाडं तेल वरच्या कॅमपर्यंत चढायला वेळ घेतं आणि इंजिनची बरीचशी झीज त्या पहिल्या क्षणांत होते. ती बोटाला कळत नाही.

म्हणून सरसकट पातळच घाला, असंही नाही. पल्सरच्या बऱ्याच मॉडेलांना कंपनीच २०डब्ल्यू-५० सांगते. आपल्या गाडीचं पुस्तक सीटखाली प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवण्यासाठी नसतं, एवढंच.

आकड्यांपेक्षा खरा घोळ अक्षरांचा. माझ्या मावसभावाने कारच्या सर्व्हिसिंगमधून उरलेलं भारीतलं सिंथेटिक ऑइल बाइकमध्ये ओतलं. महागाचं, म्हणजे चांगलंच असणार! पुढे चाळीसगावहून संभाजीनगरला निघाला, तर कन्नडच्या घाटात गाडी नुसती ओरडायला लागली. रेस वाढतेय, वेग वाढत नाही. क्लच घसरत होता. आपल्या बहुतेक बाइकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात बुडालेले असतात. कारच्या कित्येक तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. कारचा क्लच कोरडा, त्याला त्यांचं काही नाही, पण बाइकच्या प्लेटा त्यांनी सुळसुळीत होतात. म्हणून डब्याच्या मागे 'जासो एमए' किंवा 'एमए२' बघायचं. 'एमबी' लिहिलेलं असेल तर ते बिनगिअरच्या स्कूटरचं. जळगावच्या अजिंठा चौफुलीवर ट्रकचं सामान विकणाऱ्या दुकानदारालाही मी हे विचारतो. तो हसतो, पण डबा फिरवून दाखवतो.

घरच्या ट्रॅक्टरचं गणित वेगळं. डिझेल इंजिनाला एपीआयच्या 'सी' मालिकेतलं तेल, आमच्याकडे १५डब्ल्यू-४०. वडिलांची तक्रार असायची की नवं ऑइल दोन दिवसांत काळं पडतं, म्हणजे भेसळीचं. उलट आहे. डिझेलची काजळी भांड्याच्या बुडाशी बसू न देता ते स्वतःत धरून ठेवतं, म्हणून काळं दिसतं. बदलायचं ते तासांच्या मीटरवर. केळीच्या बागेतली धूळ आणि लोंबकळता एअर फिल्टर असेल तर तासही जरा आधीच मोजलेले बरे.

पातळी बघण्यातही गंमत आहे. स्प्लेंडर मेन स्टँडवर उभी करायची, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करायचं, थोडं थांबायचं आणि पुसलेली डिपस्टिक आट्यांत न फिरवता नुसती टेकवायची. आप्पा ती घट्ट फिरवून बघायचे. तशी ती जास्त खोल जाते आणि कमी असलेलं तेलही पुरेसं दिसतं. पुस्तकातलं चित्र दाखवल्यावर त्यांनी पुस्तकच ठेवून घेतलं. आता दुसऱ्यांच्या स्प्लेंडरही ते तशाच तपासतात. जाड्या तेलावर मात्र ठाम आहेत, त्यामुळे डबा मी स्वतः नेतो, सील माझ्यासमोर फोडायला लावतो आणि रिकाम्या डब्याला भोक पाडूनच निघतो.