एका किल्ल्याच्या पाच वाटा

प्रवासवर्णन म्हटले की गाडी, मुक्काम, डोंगर, नदी असे काहीतरी डोळ्यांपुढे येते. मी आज वाचकांना ज्या किल्ल्यावर नेणार आहे तिथे एस.टी. जात नाही आणि रेल्वेही जात नाही. हा किल्ला टीव्हीच्या काचेमागे आहे. गेले वर्षभर भाच्याच्या खोलीत बसून मी तो इतक्या वेळा पाहिला आहे की आता अंधारातही त्याचा जिना मला सापडेल.

या किल्ल्याचे गाव म्हणजे 'सुपर मारिओ ६४' नावाचा व्हिडिओ गेम. जपानमधल्या क्योटो शहरातील निन्तेंदो कंपनीने शिगेरू मियामोतो यांच्या मार्गदर्शनाखाली तो तयार केला आणि १९९६ साली बाजारात आणला. कथा साधी आहे. राजकन्येने केक केला आहे, जेवायला ये, असे पत्र मारिओला येते. तो पोचतो तेव्हा बाउझर नावाच्या खलपुरुषाने किल्ला ताब्यात घेतलेला असतो आणि किल्ल्याची शक्ती असलेले तारे ठिकठिकाणी लपवलेले असतात. तारे गोळा करायचे, दारे उघडायची, बाउझरला हरवायचे, एवढेच काम.

दारातून आत गेलो की मोठा दिवाणखाना लागतो. जमिनीवर सूर्याचे चित्र, समोर जिना, भिंतींवर मोठमोठी चित्रे. चित्रात उडी मारली की चित्र पाण्यासारखे हलते आणि मारिओ त्यातल्या मुलखात जाऊन पडतो. कुठे बर्फ, कुठे वाळवंट, कुठे बुडालेले जहाज. एका चित्रात किती उंचीवरून उडी मारली त्यावर आत पाणी किती भरलेले असेल ते ठरते. वरच्या मजल्यावर एक मोठे घड्याळ आहे. त्याचे काटे कुठे असताना आपण शिरलो त्यावर आतली यंत्रे किती वेगाने फिरतील ते अवलंबून असते. मोठा काटा बरोबर बारावर असेल तर आत सगळे थांबलेले असते. हे मला फार आवडले.

हिशेब सांगतो, कारण हिशेबाशिवाय हा किल्ला समजत नाही. एकूण मुलूख १५. प्रत्येकात तारे ७, म्हणजे १०५. किल्ल्याच्या कानाकोपऱ्यात आणखी १५. एकूण १२०. बाउझरशी पहिली गाठ पडायची तर ८ तारे हवेत. तळघरातल्या दुसऱ्या लढाईच्या दाराला ३०, वरच्या मजल्याला ५०, आणि शेवटच्या जिन्याला ७०. सत्तरपेक्षा कमी तारे घेऊन त्या जिन्यावर चढाल तर तो संपतच नाही. कितीही चढा, माणूस तिथल्या तिथेच. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कोणालाही हा जिना ओळखीचा वाटेल.

आता भाच्याकडे वळतो. तो कुरिअरच्या कामावर आहे आणि बाहेरून पदवीचे शिक्षण घेतो. वापरलेले यंत्र त्याने हप्त्याने घेतले तेव्हा माझी बहीण माझ्याकडे आली. म्हणाली, "दादा, त्याला समजावा. एकच खेळ रोज तोच तोच खेळतो. जिंकला तरी पुन्हा पहिल्यापासून." मी समजावायला गेलो आणि पाहत बसलो.

तो जिंकण्यासाठी खेळत नव्हता, घड्याळासाठी खेळत होता. याला स्पीडरनिंग म्हणतात. एखादा गेम कमीत कमी वेळात पूर्ण करायचा. जगभर ही मंडळी आहेत. १९९३ साली आलेल्या 'डूम' या गेमपासून लोक आपल्या धावा नोंदवून एकमेकांना दाखवू लागले. १९९७ साली काही जणांनी मिळून 'क्वेक' हा गेम १९ मिनिटे ४९ सेकंदांत संपवून दाखवला.

मी विचारले, "मग मारिओचा किल्ला किती वेळात संपतो?"

तो म्हणाला, "मामा, कुठल्या वर्गात ते आधी सांगा."

इथे मला गंमत कळली. किल्ला एक, पण वाटा पाच. पहिला वर्ग १२० ताऱ्यांचा: सगळे पाहायचे, काही सोडायचे नाही. जगातले उत्तम खेळाडू याला एक तास छत्तीस मिनिटांच्या आसपास वेळ घेतात. दुसरा ७० ताऱ्यांचा, पाऊण तासाहून थोडा जास्त. शेवटचा जिना रीतसर चढायला लागतात तेवढे तारे घेऊन. तिसरा १६ ताऱ्यांचा, पंधरा मिनिटांच्या आत. चौथा एका ताऱ्याचा, सात मिनिटांच्या आसपास. पाचवा शून्य ताऱ्यांचा, सव्वासहा मिनिटांच्या आसपास. २०२४ साली सुईगी या टोपणनावाच्या खेळाडूकडे या पाचही वर्गांचे विक्रम एकाच वेळी होते.

शून्य तारे घेऊन सत्तर ताऱ्यांचा जिना कसा चढला? गेम बनवताना पुढे पळण्याच्या वेगाला मर्यादा घातली होती, मागे जाण्याच्या वेगाला घालायची राहून गेली. पायऱ्यांकडे पाठ करून लांब उडी पुन्हा पुन्हा मारली की मारिओचा वेग इतका वाढतो की 'याला खाली परत पाठवा' हे गेमला करायला अवसरच मिळत नाही. सोळा ताऱ्यांच्या वाटेत आणखी एक युक्ती आहे. पंधरा तारे जमले की तळघरात एक ससा दिसतो. त्याला पकडून, हातात धरून, विशिष्ट रीतीने तीस ताऱ्यांच्या दाराला भिडले की दार न उघडताच माणूस आत. जपानमध्ये १९९७ साली निघालेल्या सुधारित आवृत्तीत मागच्या उडीची चूक दुरुस्त केली गेली.

मी म्हणालो, "म्हणजे ही लबाडीच झाली."

भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, फास्ट लोकल मधली स्टेशनं सोडते. तिला कुणी लबाड म्हणतं का? पाटीवर लिहिलेलं असतं फास्ट म्हणून. स्लो लोकलची पाटी लावून स्टेशन सोडलं तर लबाडी."

मला उत्तर सुचले नाही. वर्ग म्हणजे पाटी. कोणी म्हणते, काहीही करा पण शेवट गाठा; त्याला एनी परसेंट म्हणतात. कोणी म्हणते, सगळे गोळा करा. ते हंड्रेड परसेंट. कोणी म्हणते, गेममधल्या चुकांचा फायदा घ्यायचा नाही, तो ग्लिचलेस. संगणकाच्या साहाय्याने एकेक क्षण जुळवून केलेली धाव वेगळ्याच वहीत लिहितात, ती माणसाच्या धावेत मिसळत नाहीत. चढाओढ सारख्याला सारख्याशीच.

आणि पाटी खोटी निघाली तर? 'ड्रॅगस्टर' नावाच्या मोटारींच्या गेममध्ये १९८२ सालापासून ५.५१ सेकंदांचा एक विक्रम मान्य होता. २०१७ साली एका अभ्यासू खेळाडूने गेमच्या आतली गणिते तपासून दाखवले की ५.५७ सेकंदांच्या खाली जाताच येत नाही. २०१८ साली तो विक्रम यादीतून काढण्यात आला. पस्तीस वर्षे उभी असलेली नोंद सहा शतांश सेकंदांनी पडली. आम्ही कारकून मंडळी पैशापैशाचा मेळ घालतो तेव्हा लोक हसतात. मला त्या अभ्यासू माणसाला भेटावेसे वाटले.

या लोकांची जत्राही भरते. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेत काही खेळाडू एका घराच्या तळघरात जमले. दिवसरात्र खेळून, लोकांना दाखवून, त्यांनी 'केअर' या मदतसंस्थेसाठी दहा हजार डॉलरहून जास्त देणगी जमवली. आता ही जत्रा वर्षातून दोनदा मोठ्या हॉटेलांत भरते. २०१९ च्या उन्हाळ्यात मिनेसोटा राज्यातल्या ब्लूमिंग्टन गावी भरलेल्या जत्रेत 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेसाठी तीस लाख डॉलर जमले. बहिणीला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "खेळून?" मी म्हणालो, "खेळून." ती काही बोलली नाही, पण त्या रात्री तिने त्याच्या खोलीत दोन कप चहा पाठवला.

भाच्याची एक वही आहे. तारीख, वर्ग, वेळ, शेरा. एका रविवारी १६ ताऱ्यांच्या वर्गात त्याची धाव फार सुंदर चालली होती. ससा पहिल्याच झटक्यात दारापार झाला. शेवटचा मोठा तारा हातात आला आणि घड्याळ थांबले. त्याची आजवरची सर्वांत कमी वेळ! मी टाळ्या वाजवल्या. त्याने स्टँडवरचा मोबाइल पाहिला आणि गप्प झाला. मोबाइलमधली जागा भरून चित्रीकरण मध्येच थांबले होते.

मी म्हणालो, "अरे, लिही. मी साक्षीदार आहे."

"तुम्ही पाहिलं मामा, पण दाखवायला काय आहे?" त्याने तारीख लिहिली, वर्ग लिहिला, वेळेच्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि शेऱ्यात लिहिले: पुरावा नाही.

वीस वर्षांहून जास्त काळ मी हिशेब लिहितो आहे. व्हाउचर नसेल तर नोंद नाही, हे वाक्य मी शेकडो जणांना ऐकवले आणि त्यांच्या शिव्याही खाल्ल्या. कोणी सांगितल्याशिवाय, कोणी तपासणार नसताना स्वतःच्याच वहीत अशी रेघ मारणारा मुलगा मी माझ्या घरात प्रथमच पाहिला. समजावायला गेलेलो मी काहीही न समजावता घरी आलो.

किल्ल्यातली एक गोष्ट सांगायची राहिली. १२० तारे पूर्ण झाले की बाहेरची तोफ उघडते आणि तिच्यातून किल्ल्याच्या छपरावर जाता येते. तिथे योशी नावाचा मारिओचा जुना मित्र वाट पाहत असतो. विक्रमासाठी धावणाऱ्याला तिथे जाण्याची गरज नसते, त्याचे घड्याळ आधीच थांबलेले असते. परवा भाच्याने घड्याळ न लावता सगळे तारे गोळा केले, आपल्या आईला शेजारी बसवले आणि तिला छपरावर नेले. तिने विचारले, "याचा कुठला वर्ग?"

तो म्हणाला, "हा वहीत नाही, आई."